सोलापूरहून क्रूझने कोची: घरच्यांना घेऊन जाताना काय, कधी, कसं

क्रूझचं पॅकेज बघताना बहुतेक जण आधी खोलीचे फोटो बघतात, मग भाव. आधी बघायला हवं ते वेगळंच: जहाज बंदरात कुठल्या वारी लागणार आणि किती तास थांबणार. जुनं शहर बघायचं असेल तर सगळं या दोन गोष्टींवर ठरतं.

मुंबई ते कोची समुद्रमार्गे साधारण दीड दिवस लागतो. म्हणजे बुधवारी संध्याकाळी मुंबईहून निघालेलं जहाज शुक्रवारी सकाळी कोचीला लागतं, आणि कोचीच्या जुन्या भागातला मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. गुरुवारी निघालात तर शनिवारी पोहोचाल. तेव्हा राजवाडा उघडा, पण ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणजे सिनेगॉग बंद. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्या कोकणातल्या ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, हे ठाऊक असेल तर हा वार विसरायला होत नाही. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतरही बंद असतं. रविवार किंवा सोमवारी निघणारी फेरी मिळाली तर दोन्ही बघून होतं.

महिना कोणता

पावसाळ्यात मुंबईहून पर्यटनाच्या फेऱ्या बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात, पण तेव्हा केरळात परतीचा पाऊस दुपारी गाठतो. समुद्र शांत आणि हवा बरी असा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यात जानेवारीच्या मध्यावर गड्ड्याची यात्रा. घरात कुणी नंदीध्वजाचे मानकरी असतील तर त्या आठवड्याचा विचारही नको. दहावी-बारावीची मुलं असतील तर फेब्रुवारीही गेला. उरतो डिसेंबर, आणि नाताळच्या आठवड्यात भाव चढलेले असतात. म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा गाठावा.

बुकिंग

जाहिरातीतला भाव बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघे धरून. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतो. म्हणून एजंटाला एकच प्रश्न विचारा: ‘चौघांचे सगळे धरून हातात द्यायचे किती?’ आकडा लिहून घ्या. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, पण ते झोपतात भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या पलंगावर. आजी-आजोबांना तिथे चढवू नका. त्यांना शेजारची वेगळी खोली घ्या.

खोली जहाजाच्या मध्यभागी आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागा. लाटेवर जहाज झोपाळ्यासारखं हलतं. टोकाला आणि उंचावर झोका मोठा, मध्यात लहान. बाल्कनीची खोली टोकाला मिळत असेल आणि घरात कुणाला बसमध्येही मळमळत असेल, तर बिनखिडकीची मधली खोली बरी. पैसेही वाचतात.

जैन किंवा बिनकांदालसणाचं जेवण लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा. गरोदर बाई आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ यांच्यासाठी कंपन्यांच्या अटी कडक असतात. पैसे भरण्याआधी विचारा, नंतर परतावा अवघड जातो.

सोलापूर ते बॅलार्ड पिअर

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे क्रूझ आधी आणि गाडी नंतर असाच क्रम लागतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी सीएसएमटीला सोडते. वंदे भारत आरामाची खरी, पण ती पोहोचते दुपारी साडेबाराच्या पुढे. क्रूझचं चेक-इन साधारण त्याच सुमारास चालू असतं आणि काउंटर जहाज सुटायच्या बराच आधी बंद होतो. गाडी दोन तास रखडली की घाम फुटतो. सिद्धेश्वर दोन तास उशिरा आली तरी तुमच्याकडे सकाळ उरते. सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, दोनेक किलोमीटरवर आहे, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी गाडीतच संपवा. बाहेरचं खाणं जहाजावर बहुतेक नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाचं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सोडून. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड, दारू, चाकू हेही तपासणीत निघतं. आजोबांचा अडकित्ताही धारदार वस्तूंत धरला जाऊ शकतो. सुपारी घरूनच कातरून न्यावी.

प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं, मुलांचंही. मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून निघू नका.

मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीत यायला काही तास लागतात. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, ओळखपत्रं, चार्जर आणि पोहण्याचे कपडे ठेवा. पूलमध्ये सुती चड्डी-बनियन चालत नाही, नायलॉनचेच कपडे लागतात. मुलं पहिल्या तासातच पूल शोधून काढतात, आणि कपडे बॅगेत अडकले की रडारड.

जहाजावर

पहिलं काम सुरक्षा कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे नेमून दिलेल्या जागी जमायचं. हजेरी होते, टाळता येत नाही. जागेचा क्रमांक कार्डावर असतो, तो मुलांकडून पाठ करून घ्या.

जहाजावर रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं. मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या, नाहीतर व्हिडिओ गेम आणि शीतपेयांचं बिल शेवटच्या रात्री कळतं.

किनारा सुटला की मोबाइल विमान मोडवर टाका. आपल्या टॉवरची रेंज गेल्यावर फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे रोमिंग दर डोळे पांढरे करणारे असतात.

मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. जहाज सुटायच्या तासभर आधी घ्यायची. कुणाला कोणती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना आणि बीपीच्या, मधुमेहाच्या ज्येष्ठांना मनाने काही देऊ नका. त्रास होऊ लागला तर खोलीत पडून मोबाइल बघण्यापेक्षा डेकवर या आणि दूर क्षितिजाकडे बघा. उपाशी राहू नका. सुकी पोळी, आल्याचा तुकडा, थोडं थोडं पाणी.

कोचीतला दिवस

जहाज सकाळी 8 ते संध्याकाळी 5 बंदरात असेल तर कागदावर नऊ तास. पण उतरायला रांगेत तास जातो आणि परत चढायची मुदत सुटण्याच्या तासभर आधीची असते. अर्धा तास वाहतुकीला सोडा. हातात उरतात साडेसहा.

जहाज लागतं विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून हे बेट केलं, म्हणजे तुम्ही पाय ठेवता तीच जमीन माणसाने रचलेली. गेटबाहेर पाच-सहा तासांची रिक्षा ठरवा आणि ‘मसाल्याच्या, शोभेच्या दुकानांत थांबायचं नाही’ हे भाव ठरवतानाच सांगा. नाहीतर कमिशनच्या दोन दुकानांत तास जातो. वेलदोडा, मिरी घ्यायची तर शेवटी, स्वतः फिरून.

आधी मट्टनचेरी, मग फोर्ट कोची. उलटं केलंत तर सिनेगॉग हुकतं, कारण ते दुपारी 1 ते 3 बंद असतं. पहिला थांबा राजवाडा. नाव डच पॅलेस, पण बांधला पोर्तुगीजांनी, 1555च्या सुमारास, कोचीच्या राजासाठी. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं पडलं. शयनकक्षाच्या भिंतींवर रामायण आहे. फोटो काढता येत नाहीत, म्हणून मुलांना आधीच काम द्या: भिंतीवर कुठला प्रसंग आहे ते ओळखायचं. पाऊण तास पुरतो.

चालत पाच मिनिटांवर 1568चं परदेशी सिनेगॉग. चपला बाहेर. गुडघ्यावरचे कपडे, बिनबाह्या चालत नाहीत. आत गेलं की सगळे माना वर करून झुंबरं बघतात. तुम्ही खाली बघा. निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही.

शाकाहारी जेवणासाठी मट्टनचेरीतला गुजराती रोड सोयीचा. या भागात कोकणीही कानावर पडते, गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान इथेच आहे. दर्शन घ्यायचं असेल तर पुरुषांना सदरा काढावा लागतो.

दुपारी फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये 1524 साली कोचीतच वारलेल्या वास्को द गामाला पुरलं होतं. अस्थी 1539मध्ये पोर्तुगालला नेल्या, जागा अजून दाखवतात. छताला कापडी पंखे लटकतात. ते दोरीने ओढायचे, आणि ओढणारा माणूस बाहेर बसायचा.

शेवटी चिनी जाळी. लाकडी सांगाड्याच्या एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे. चार-पाच जण मिळून ते ओढतात, तेव्हा धोंडे एकेक करून खाली टेकत जातात आणि जाळं वर येतं. सहसा मासळी मूठभरच असते. ओढू देतात, पण नंतर पैसे मागतात, म्हणून किती ते आधी विचारा. साडेतीनला तिथून हला. क्रूझ कंपनीनेच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्या रिक्षाला थांबत नाही.

परतताना

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि चपला बाजूला काढून मगच बॅगा द्या. दर फेरीत कुणीतरी झोपायच्या कपड्यांत मुंबईला उतरतं. सकाळी उतरलात तर दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत आरामात मिळते.

घरी आल्यावर एखाद-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, विशेषतः अंघोळ करताना डोळे मिटले की. तोवर आजी-आजोबांना न्हाणीघरात धरायला काहीतरी द्या आणि स्टेशनवरून गाडी चालवत आणायला दुसऱ्या कुणाला बोलवा. आठवड्यानंतरही तोल जात असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.