मेळघाटला निघताना ताडोबा डोक्यातून काढून टाका

आम्हा नागपूरकरांचं जंगल म्हणजे ताडोबा, नाहीतर पेंच. पहाटे निघायचं, जिप्सीत बसायचं, वाघ बघायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी. त्यामुळे मेळघाटचं नाव काढलं की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: "वाघ दिसन का?" मी तोंडावर सांगते, बहुतेक नाही दिसणार. वाघ आहेत. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. पण हा सातपुडा आहे. गाविलगडची डोंगररांग, खोल दऱ्या आणि त्यांतून वाहणाऱ्या सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या. उन्हाळ्यात पाणी आटलं तरी दऱ्यांमधले डोह शिल्लक असतात, वाघ तिथे खाली आणि आपण वर रस्त्यावर. हे ज्याला चालत असेल त्यालाच सोबत घ्या. आमच्या जाऊबाईंना चालत नाही, त्या पेंचला जातात.

एका दिवसात उरकण्याचा विचारही करू नका. अमरावतीमार्गे परतवाड्यापर्यंतच साधारण दोनशे किलोमीटर होतात आणि पुढे घाट लागतो. किमान दोन मुक्काम हवेत, सेमाडोहला किंवा कोलकासला. चिखलदरा थंड हवेचं ठिकाण म्हणून छान, पण शनिवार-रविवारी तिथे गर्दी फार. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, आणि सफारी कोणत्या वारी बंद असते तेही तिथेच बघून घ्या. पेट्रोल, रोख पैसे, औषधं सगळं परतवाड्यातच. वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा. घाटात उजेड असतानाच चढा.

कधी जायचं? पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, धबधबे बघायचे तर तेव्हाच, पण प्राण्यांची आशा ठेवू नका. दिवाळीच्या सुमारास गवत इतकं उंच असतं की आख्खा रानगवा त्यात लपतो. मला फेब्रुवारी-मार्च आवडतो. सागाची पानं गळालेली असतात, नजर लांबवर जाते, पळस फुललेला असतो. नंतर मोहाची फुलं पडायला लागली की अस्वलं पहाटे ती खायला येतात. फुलं वेचायला माणसंही त्याच वेळी जातात आणि अस्वलाशी गाठ पडते, म्हणून गाडीतून उतरून मोहाखाली फोटो काढायची हौस नको. हिवाळ्यात गेलात तर मात्र नागपूरच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा कानात शिरतो. कानटोपी, शाल, हातमोजे, सगळं घ्या.

सफारीत माझा एकच नियम: अर्धा वेळ गाडी बंद. ड्रायव्हरला निघण्याआधीच सांगा, कारण त्याला लोकांनी "पुढे चल, पुढे चल" म्हणायची सवय लावलेली असते. गाडी थांबली की जंगल ऐकू येतं. वानर खकारलं किंवा चितळ ओरडलं तर कान टवकारा, पण सांबराचा कॉल, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागल्यावरची इशाऱ्याची हाक, आला तर खरंच गप्प बसा. सांबर उगाच ओरडत नाही, असं आमचे गाइड सांगतात. गाइड पुष्कळदा इथलेच कोरकू आदिवासी असतात. त्यांना वाघाबद्दल नका विचारू, झाडांबद्दल विचारा. उन्हाळ्यात पांढरीफटक खोडं घेऊन उभा असलेला कुलू, ज्याला लोक भुताचं झाड म्हणतात, तो कोणत्या उतारावर येतो हे त्यांना पाठ असतं.

आणि रानपिंगळा. हा छोटासा पिंगळा 1884 नंतर कोणाला सापडलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. 1997 मध्ये नंदुरबारकडच्या सातपुड्यात तो पुन्हा दिसला. मेळघाटात तो आहे, आणि घुबडाच्या जातीचा असूनही दिवसा दिसतो. थंडीतल्या सकाळी निष्पर्ण सागाच्या फांदीवर ऊन खात बसतो, म्हणून उशिरा उठणाऱ्यांनाही संधी आहे. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, पुरते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारे लोक भेटतात, त्यांना मी थांबवते. दुसरा नर हद्दीत घुसला असं वाटून तो बिचारा खाणं-पिणं सोडून भांडायला येतो.

संत्री न्याल, नागपूरकर असल्यावर नेणारच. सालं मात्र पिशवीत परत आणा. "कुजतात की" हे कारण मी ऐकून घेत नाही. सालांपाठी वानरं रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात.

गाइडला ठरलेल्या फीवर काही द्यायचं असेल तर वाघ दिसला म्हणून देऊ नका. तसं केलं की पुढच्या गाडीसाठी तोही पळायला लागतो. कॉल ओळखून दिला, अस्वलाची विष्ठा दाखवून आत बोरीच्या बिया आहेत हे सांगितलं, त्याचे द्या.