गुन्हेगारांची टोपणनावे बातमीत कशी हाताळावीत

दुचाकीवरून आलेल्या दोघांनी गंठण हिसकावल्याची फिर्याद नोंदवली जाते, पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते आणि संशयितांची नावेसुद्धा कळलेली नसताना मथळा तयार होतो : ‘इराणी टोळी पुन्हा सक्रिय’. ‘पारधी टोळी’, ‘नेपाळी गँग’, ‘लुटेरी नवरी’ ही नावेही अशीच सवयीने लागतात. गुन्हेवार्ता लिहिणाऱ्यांनी, डेस्कवर मथळे देणाऱ्यांनी आणि गावोगावी यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांनी या सवयीला आवर कसा घालावा, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे.

टोपणनाव समोर आले की सर्वप्रथम ते कशावर बेतलेले आहे, हे पाहावे. गुन्ह्याच्या पद्धतीवर बेतलेले असेल, तर त्याचा पुढे विचार करता येतो. जात, जमात, धर्म किंवा प्रांत यांवर बेतलेले असेल, तर ते तिथेच खोडावे, मग ते पोलिसांच्या कागदात असो वा इतर सगळ्या वृत्तपत्रांत. जातीचा उल्लेख त्या जातीला कमीपणा आणणारा ठरत असेल तर तो टाळावा, असे भारतीय प्रेस परिषदेची आचारतत्त्वेही सांगतात. मात्र अत्याचार जातीमुळेच झाला असेल आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंद झाला असेल, तर दोन्ही बाजूंची जात हा बातमीचा गाभा असतो आणि तिथे ती लपवणे हाच पक्षपात होतो.

महाराष्ट्रात याबाबत विशेष कडक राहण्याला कारण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारित आवृत्त्यांनी अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, माणसांना हजेरी लावायला भाग पाडले आणि सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी ‘पारधी टोळी’ हा मथळा त्या कायद्याचेच गृहीतक पुढे चालवतो. गुन्हा चार-सहा जणांनी केलेला असतो. संशयाची नजर मात्र पालावरच्या प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या पोरालाही, सोसावी लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाइलवरून पसरली होती, हे खरे. पण भटका माणूस दिसला की टोळी आठवावी, ही सवय एका अफवेने लागत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती पाहू. समजा, मथळा आला आहे : ‘पारधी टोळीचा धुमाकूळ, शेतवस्तीवर दरोडा, दाम्पत्य जखमी’. यातून केवळ ‘पारधी’ वगळला तर काम अर्धेच होते, कारण ‘धुमाकूळ’ हा शब्द एका घटनेला मालिकेचे रूप देतो. ‘शेतवस्तीवर सहा जणांचा दरोडा, दाम्पत्य जखमी, दागिने लुटले’ असे लिहिल्यास किती जण होते, त्यांनी काय केले आणि कोणाचे काय नुकसान झाले, हे सर्व येते. आत घटनेची वेळ, दरोडेखोर कोणत्या रस्त्याने आले, दार कसे उघडले आणि वाहन कोणते होते, हे द्यावे. वाचकाला सावध राहायला हीच माहिती उपयोगी पडते. जमातीच्या नावाने तो फक्त चुकीच्या माणसाकडे पाहू लागतो.

प्रेसनोटमध्येच टोपणनाव असेल, तर तपास अधिकाऱ्याला स्पष्ट विचारावे : फिर्यादीत हे नाव आहे का, आरोपी स्वतः ते वापरतो का, की ते पोलीस ठाण्यातच पडले? आरोपी त्याच नावाने ओळखला जात असेल, तर ते ‘ऊर्फ’ म्हणून बातमीत एकदा यावे, मथळ्यात येऊ नये. अवतरणचिन्हांत घातल्याने जबाबदारी टळत नाही, कारण वाचक चिन्हे विसरतो आणि नाव लक्षात ठेवतो.

स्त्री आरोपीसाठी कसोटी सोपी आहे : हाच गुन्हा पुरुषाने केला असता तर ‘लेडी डॉन’च्या जागी आपण काय लिहिले असते, तेच लिहावे. टोपणनावातला पूर्वग्रह बळींवरही उलटतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. इंग्लंडमध्ये १९७५ ते १९८० या काळात १३ स्त्रियांची हत्या करणाऱ्या पीटर सटक्लिफला वृत्तपत्रांनी ‘यॉर्कशायर रिपर’ म्हटले. १८८८ मध्ये लंडनमध्ये वेश्यांच्या हत्या करणाऱ्या ‘जॅक द रिपर’ची आठवण देणाऱ्या या नावामुळे हा वेश्यांचाच मारेकरी आहे, हा समज बळावला आणि १६ वर्षांची एक मुलगी मारली गेल्यावरच ‘निष्पाप’ बळीची भाषा सुरू झाली. त्या काळात बळींविषयी वापरलेल्या भाषेबद्दल तिथल्या पोलिसांनी २०२० मध्ये माफी मागितली. म्हणून टोपणनाव वापरण्यापूर्वी मृताच्या घरच्यांनी ते वाचले तर त्यांना काय वाटेल, हेही पाहावे.

शेवटचे काम निकालानंतरचे आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. दक्षिण मुंबईत २००६-०७ मध्ये झालेल्या हत्यांच्या मालिकेत मृतदेहाजवळ बीअर आढळली, म्हणून अज्ञात मारेकऱ्याला ‘बीअर मॅन’ हे नाव पडले आणि पुढे ते अटक झालेल्या इसमाला चिकटले. सत्र न्यायालयाने त्याला एका हत्येत दोषी ठरवले, परंतु २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. असा निकाल आला की अटकेच्या बातमीला जेवढी जागा दिली होती, तेवढीच सुटकेच्या बातमीला द्यावी. संकेतस्थळावरील जुन्या बातमीच्या वर निकालाची ओळ तारखेसह जोडावी, मथळा दुरुस्त करावा, व्हिडिओचा थमनेल बदलावा आणि शोधासाठी दिलेल्या टॅगमधूनही ते टोपणनाव काढून टाकावे.