विनोदी लेख आणि गोपनीय अहवाल

महसूल खात्यात नव्याने लागलेली, थोडाफार हात लिहिता असलेली मुलं दिवाळीच्या आधी हमखास विचारतात, "सर, ऑफिसवर विनोदी लिहिलं तर नोकरी जाईल का?" मी बरीच वर्षं दिवाळी अंकांत कचेरीवरच लिहितो आणि अजून नोकरीत आहे, म्हणून मला विचारतात.

नोकरी सहसा जात नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आडवे येतात ते शासनाच्या धोरणावर टीका केली की. जुलै 2025मध्ये सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांबाबतही तेच बजावलं. पण गोष्ट कुठे संपते आणि टीका कुठे सुरू होते, हे शेवटी साहेबच ठरवतात.

मुलं लगेच उपमन्यू चटर्जींचं नाव काढतात. 1983च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचेच आयएएस. 1988मध्ये त्यांची 'इंग्लिश, ऑगस्ट' आली, त्यात जिल्ह्याच्या प्रशासनाची यथेच्छ टर आहे. तरी ते सेवेत राहिले, त्याच कादंबरीच्या पुढच्या भागाला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. खरं आहे. पण ते आयएएस होते, लिहीत होते इंग्रजीत, आणि कादंबरीतला मदना हा जिल्हा नकाशावर नाही. महसूल सहायकाने मराठीत लिहिलेलं अख्खा तालुका वाचतो आणि "हा अमका तर नव्हे?" हा खेळ दुपारच्या डब्यापर्यंत संपलेलाही असतो.

किंमत मोजावी लागते ती साहेब दरवर्षी आपल्या कामावर लिहितात त्या गोपनीय अहवालात. 'उपहास लिहितो' असं तिथे कुणी लिहीत नाही. 'अत्युत्कृष्ट'च्या जागी नुसतं 'चांगला' येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008च्या देव दत्त निकालानंतर शेरा तुम्हाला दाखवावा लागतो, त्यावर अभिवेदनही, म्हणजे आपलं लेखी म्हणणंही देता येतं. पण 'चांगला'विरुद्ध भांडणार कसं? पदोन्नतीच्या यादीच्या वेळी मात्र ते 'चांगला' बरोबर पुढे येतं. एका सहकाऱ्याने साहेबांच्या दौऱ्यावर झकास विडंबन लिहून फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. साहेब अवाक्षर बोलले नाहीत. बदल्यांच्या हंगामात त्याला तालुक्याचं दुसरं टोक मिळालं, कारण 'प्रशासकीय'.

उलटही घडतं. माझे लेख वाचून एका जिल्हाधिकाऱ्यांनी मला स्मरणिकेच्या कामाला घेतलं; टिपणी सुटसुटीत लिहिणारा माणूस म्हणून आजही फायली माझ्याकडे येतात. (हा फायदा आहे की शिक्षा, कोण जाणे.)

तेव्हा परिविक्षा (प्रोबेशन) संपेपर्यंत छापू नका, लिहून ठेवा. टर उडवायची तर जावक क्रमांकाची, हरवलेल्या फायलीची, आपल्यासारख्या कारकुनाची उडवा. चालू साहेबांची लकब उचलू नका, बदलून गेलेल्यांचीही लगेच नको. शंका आली तर पूर्वपरवानगीचा अर्ज द्या आणि पोच सांभाळा. टोपणनावावर फार विसंबू नका. मानधनाचा धनादेश खऱ्या नावानेच येतो, आणि टपाल आधी आवक शाखेत फुटतं.