कामगिरी घसरली की दोष माणसाचाच? कामगारांच्या मूल्यमापनातील या चुका टाळा

मार्च संपत आला की भोसरी, सातपूर, शिरोली किंवा वाळूज येथील लहान-मध्यम कारखान्यांच्या ऑफिसांत अप्रेझलचे, म्हणजे कामगारांच्या वार्षिक मूल्यमापनाचे, फॉर्म बाहेर निघतात. वर्षभर ज्यांच्याशी कामापुरतेच बोलणे झाले, अशा तीस-चाळीस माणसांना सुपरवायझर दोन दुपारींत गुण देऊन मोकळा होतो, मालक पगारवाढीचा आकडा ठरवतो, आणि पत्रे वाटून पंधरवडा उलटत नाही तोच दोन-तीन चांगले ऑपरेटर शेजारच्या गाळ्यात नोकरीची चौकशी करू लागतात. त्यावर "हल्लीच्या पोरांना कामाची ओढच नाही" असा शेरा ठरलेला असतो. मूल्यमापनाची पद्धत बसवून देण्याच्या निमित्ताने अशा बऱ्याच कारखान्यांत बसणे-उठणे झाले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की ओढ नसलेली माणसे नोकरीवर येतात थोडी. बहुतेकांची ओढ आपण कामावर असतानाच घालवतो, आणि तीही ठरावीक चुका करून.

यंत्रणेचा दोष माणसाच्या नावावर लिहिणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. एका कारखान्यात नऊ वर्षे सीएनसी लेथ (संगणकाने चालणारे कातकामाचे यंत्र) चालवणाऱ्या ऑपरेटरचे रिजेक्शन दोन महिन्यांत अचानक वाढले. बोअर (नगातले भोक) लहान राहत होता, माल परत येत होता, आणि सुपरवायझरने वहीत "कामात लक्ष नाही, घरची अडचण असावी" अशी नोंद केली. प्रत्यक्षात खरेदी विभागाने त्याच सुमारास फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) बदलली होती, तिच्याकडून येणाऱ्या नव्या कास्टिंगमध्ये (ओतीव मालात) मधूनमधून कठीण डाग येत होते, आणि इन्सर्टची (लेथवरच्या कापणाऱ्या पात्याची) धार नेहमीच्या निम्म्या नगांतच जात होती. ऑपरेटरने ही गोष्ट दोनदा सांगितली होती, पण तोंडी आणि शिफ्ट बदलण्याच्या गडबडीत. खरा प्रकार कळेपर्यंत पगारवाढ कापली गेली होती, आणि तिच्याबरोबर त्या माणसाची पुन्हा काही सांगण्याची इच्छाही गेली होती.

गुणवत्ता-व्यवस्थापनातील अमेरिकन तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आपल्या शिबिरांत नेमका हाच मुद्दा मण्यांच्या प्रयोगाने पटवून देत असत. पेटीत ४००० मणी, त्यांपैकी ८०० लाल. 'कामगारा'ने ५० खळग्यांची पट्टी पेटीत बुडवून बाहेर काढायची आणि लाल मणी येऊ द्यायचे नाहीत, असा हुकूम. कोणाला सहा लाल मणी येत, कोणाला तेरा. सहावाल्याचे कौतुक होई, तेरावाल्याला ताकीद मिळे, आणि पुढच्या फेरीत अनेकदा नेमके उलटे घडे. लाल मण्यांचे प्रमाण पेटीत ठरलेले होते, हातात नव्हे. डेमिंग यांनी वार्षिक गुणांकनाची गणना व्यवस्थापनाच्या जीवघेण्या आजारांत केली, ती याच कारणासाठी. त्यांचे म्हणणे शेवटच्या टोकापर्यंत नेऊन मूल्यमापनच बंद करावे, असे मी म्हणणार नाही. पण शेरा लिहिण्याआधी पेटीत डोकावण्याची सवय लावून घ्यावी, एवढे नक्की.

डोकावायचे ते या क्रमाने. या माणसाकडून काय अपेक्षित आहे, ते त्याला आकड्यांत किंवा ड्रॉइंगवर ठाऊक आहे का? माल, टूल, गेज आणि पुरेसा वेळ त्याच्या हाताशी आहे का? हेच काम त्याने पूर्वी नीट केले होते का. केले असल्यास तेव्हापासून त्याच्याभोवती काय बदलले? पूर्वी नीट करणारा माणूस आज चुकत असेल, तर त्याला प्रशिक्षणाला पाठवणे हा वेळेचा अपव्यय आहे, कारण कौशल्य हातातून एका महिन्यात निघून जात नाही. उलट, ज्याला ते काम कधीच नीट जमले नाही त्याला ताकीद देणे तितकेच निरर्थक आहे, कारण जे येतच नाही ते धाकाने येणार नाही.

चांगल्या कामाची शिक्षा देणे

वरच्या क्रमात आणखी एक प्रश्न बसतो, पण तो इतका दुर्लक्षित आहे की वेगळा मांडावा लागतो: नीट काम केल्यावर या माणसाचे पुढे काय होते? अनेक ठिकाणी उत्तर असे मिळते की, त्याला आणखी काम मिळते. किचकट जॉब त्याच्याकडे, अडलेले सेटिंग त्याच्याकडे, नव्या मुलांना शिकवणे त्याच्याकडे, रविवारची तातडीची डिलिव्हरीही त्याच्याचकडे. आणि दोन मशीन पलीकडचा चुकार मात्र "त्याच्याकडून होत नाही" या एका वाक्यावर सुटतो. नांगर ओढणाऱ्या बैलालाच पराणी, हा शेतातला अन्याय शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी, रोज घडत असतो, आणि तो करणाऱ्याला आपण विश्वास दाखवतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. दोन-तीन वर्षांनी हा माणूसही सरासरी काम करू लागतो, तेव्हा तो आळशी झालेला नसतो, त्याने हिशेब केलेला असतो. उपाय साधा, पण नेमाने करण्याचा आहे: अवघड कामाची वाटणी महिन्यातून एकदा कागदावर पाहावी, शिकवण्याच्या कामाला वेळ आणि मोबदला दोन्ही द्यावेत, आणि चुकाराशी जे बोलायचे ते टाळू नये.

चुकीच्या आकड्यावर पैसे लावणे

ज्या आकड्यावर पैसे लावाल तो आकडा तुम्हाला मिळेल; त्यामागचे काम मिळेलच असे नाही. केवळ नगांच्या संख्येवर इन्सेंटिव्ह ठेवला की ऑपरेटर धार गेलेला इन्सर्ट आणखी वीस नग ओढतो, मशीनची साफसफाई पुढच्या शिफ्टवर ढकलतो आणि संशयित माल चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये सरकवतो. हे फक्त शॉप फ्लोअरचे दुखणे नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकण्याचे उद्दिष्ट ठेवून कर्मचाऱ्यांवर दबाव आणला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये हे प्रकरण १८ कोटी ५० लाख डॉलरच्या दंडापर्यंत गेले आणि सुमारे ५३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे उघड झाले. इतकी माणसे एकाच प्रकारे चुकत असतील, तर ती सगळी जन्मजात लबाड होती असे मानण्यापेक्षा उद्दिष्टच तपासणे शहाणपणाचे नव्हे काय?

आपल्याकडचे याहून घरगुती उदाहरण म्हणजे हजेरी भत्ता. महिनाभर एकही खाडा नसेल तर पूर्ण भत्ता आणि एक खाडा पडला की शून्य, असा नियम बऱ्याच कारखान्यांत आहे. त्याचा परिणाम असा होतो की तापाने फणफणलेला माणूस पंचविसाव्या दिवशीही मशीनवर उभा राहतो, आणि ज्याचा चौथ्या तारखेलाच खाडा पडला त्याला उरलेल्या महिन्यात नियमित येण्याचे काहीच कारण उरत नाही. भत्ता टप्प्याटप्प्याने कमी होईल असा ठेवला आणि आधी सांगून घेतलेली रजा खाड्यात धरली नाही, तर या दोन्ही गोष्टी बऱ्याच आटोक्यात येतात. उत्पादनाच्या बाबतीत एकट्या आकड्यावर कधीच पैसे लावू नयेत, नगांच्या संख्येला पहिल्याच तपासणीत पास झालेल्या नगांची जोड द्यावी, आणि नवा इन्सेंटिव्ह लावण्यापूर्वी एखाद्या मुरब्बी ऑपरेटरला चहा पाजून विचारावे की, "दादा, ही स्कीम तुम्हाला फसवायची झाली तर कशी फसवाल?" उत्तर पाच मिनिटांत मिळते.

अकरा महिने गप्प राहून बाराव्या महिन्यात निकाल देणे

मार्चमध्ये फॉर्म भरणाऱ्याला फेब्रुवारी आठवतो, जून आठवत नाही. त्यामुळे वर्षअखेरीस घडलेली एक चूक वर्षभराच्या कामावर पाणी फिरवते आणि हे ओळखून असलेले काहीजण डिसेंबरनंतरच जोमाने दिसू लागतात. यावर मोठ्या संगणकप्रणालीची गरज नाही. सुपरवायझरने प्रत्येक माणसामागे आठवड्याला दोन ओळी तारखेसह वहीत लिहिल्या, एक जमलेल्या कामाची आणि एक अडलेल्या कामाची, आणि त्या त्याच आठवड्यात त्या माणसाला सांगितल्या, तर मार्चमध्ये आठवण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

मात्र सांगण्यातही चूक होते. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील जुन्या अभ्यासांतील ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायामुळे कामगिरी सुधारलेली दिसली खरी, पण एक-तृतीयांशाहून अधिक बाबतींत ती घसरली होती. बोलण्याचा रोख कामावरून माणसाच्या स्वतःच्या प्रतिमेकडे वळला की अभिप्रायाची परिणामकारकता कमी होते, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. "तुम्ही बेफिकीर झाला आहात" या वाक्यावर समोरचा माणूस स्वतःचा बचाव करतो. "मंगळवारी दुसऱ्या शिफ्टमध्ये चाळीसपैकी सहा नगांचे बोअर मापाबाहेर गेले, तेव्हा काय झाले होते?" या वाक्यावर तो मंगळवार आठवू लागतो. स्तुतीलाही हेच लागू आहे. ऑफिसबाहेरच्या फलकावर पाळीपाळीने लागणारा 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' कोणालाच काही शिकवत नाही. एका कारखान्यात तर दसऱ्याला यंत्रांना हार घालताना त्या फलकालाही घातलेला झेंडूचा हार संक्रांतीपर्यंत वाळत होता आणि त्याखालचा फोटो नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता.

शेरा लपवून ठेवणे हा याच चुकीचा दुसरा चेहरा आहे. सरकारी सेवेत यावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निर्णय दिला. पदोन्नतीसाठी 'अति उत्तम' शेरा आवश्यक असताना एका वर्षीचा 'चांगला' हा शेरा संबंधित अभियंत्याला कळवलाच नव्हता. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवली पाहिजे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येईल, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय शासकीय सेवेबद्दलचा असला, तरी त्यातली न्यायबुद्धी खासगी कारखान्याने उचलायला कोणाची हरकत आहे?

हक्काच्या पैशाला बक्षीस म्हणणे

कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस, जादा कामाला दुप्पट दर आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, हे सारे देणेच आहे. दिवाळीला मिठाईच्या बॉक्सबरोबर बोनसचे पाकीट देताना "कंपनीने तुमच्यासाठी केले" असे भाषण केले की त्याने प्रेरणा वाढत नाही. ऐकणारा मनातल्या मनात टक्केवारी मोजत असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असे मांडले की पगार, देखरेख व कामाची परिस्थिती यांच्या उणिवेमुळे असमाधान होते, तर खरे समाधान काम, यश आणि दखल यांतून मिळते. अनेक मालकांना हे वाक्य फार आवडते, कारण त्यातून पैसे न देण्याची सोय काढता येते. त्या मुलाखती पांढरपेशांच्या होत्या, हे विसरून बारा-चौदा हजारांवर घर चालवणाऱ्या कंत्राटी कामगाराला 'कामातला आनंद' सांगू नये. त्याच मशीनवर तेच काम करणारा कायम कामगार त्याच्या दुप्पट पगार घेत असेल, तर प्रेरणेची कार्यशाळा भरवण्याआधी तो फरक कशामुळे आहे आणि तो केव्हा, कोणत्या अटीवर कमी होईल, हे स्पष्ट सांगावे.

आठ माणसांवर बेल कर्व्ह लादणे

बेल कर्व्ह म्हणजे कोणाला किती चांगले गुण मिळणार याचे प्रमाण आधीच ठरवून माणसे त्यात बसवणे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख राहिलेल्या जॅक वेल्च यांनी प्रसिद्ध केलेली वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी कर्मचाऱ्यांची विभागणी मायक्रोसॉफ्टनेही आपल्या पद्धतीने वापरली आणि अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी सोडून दिली. आठजणांच्या टूलरूममध्ये (हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागात) तर तिला गणिताचाही आधार नाही. कोणीतरी तळाला जाणारच हे ठरले की शेजाऱ्याला युक्ती शिकवणे तोट्याचे ठरते.

सगळे तपासूनही काम सुधारत नसेल तर

अशी वेळ येते, आणि तेव्हा मऊपणा दाखवून विषय लांबणीवर टाकणे ही बाकीच्यांशी केलेली प्रतारणा ठरते. आधी हे ठरवावे की प्रश्न न जमण्याचा आहे की गैरवर्तनाचा. जमत नसेल तर काय कमी पडते, किती दिवसांत ते कुठपर्यंत आले पाहिजे, त्यासाठी कंपनी कोणती मदत देणार आणि मध्ये कोणत्या तारखांना बसून पाहणार, हे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याला जमेल असे दुसरे काम कारखान्यात आहे का, हेही त्याच बैठकीत विचारात घ्यावे. गैरवर्तन असेल तर आरोपपत्र, खुलासा आणि चौकशी या रीतसर मार्गाने जावे, आणि त्या कागदांत जुन्या अप्रेझलचे गुण मिसळू नयेत. अशा वेळी अनेक कारखान्यांना कळते की ज्याला काढायचे आहे त्या माणसाच्या गेल्या तिन्ही वर्षांच्या फॉर्मवर, कोणालाही दुखवायचे नाही म्हणून, 'समाधानकारक' असेच लिहिलेले आहे.