वाडीची नळपाणी योजना सौर पंपावर: आधी हिशेब, मग पॅनेल

सौर पंपाचा हिशेब वर्षाच्या सरासरीवर बेतला की कोकणात तो भाद्रपदात फसतो. आभाळ भरलेलं आणि चाकरमान्यांनी घरंही भरलेली. म्हणून एक्सेलमध्ये महिन्यांच्या १२ नव्हे, दिवसांच्या ३६५ ओळी मांडा.

आधी लागणारी वीज. रोजचं पाणी घनमीटरमध्ये, गुणिले हेड (पाणी चढवायची उंची) मीटरमध्ये, भागिले ३६७; आलेल्या उत्तराला पंपसेटच्या कार्यक्षमतेने भागा. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने ६०० माणसांना ३३ घनमीटर लागतात. हेड ६० मीटर (पाइपातलं घर्षण धरून) आणि कार्यक्षमता ४५ टक्के असेल, तर १२ युनिट. कार्यक्षमता पंपावरच्या पट्टीवरून उचलू नका. टाकी भरताना मीटरचं रीडिंग आणि चढलेलं पाणी टिपा, उलटा हिशेब करा. जुना पंप इथेच उघडा पडतो.

उन्हाचे रोजचे आकडे 'नासा पॉवर' या नासाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पॅनेलचे किलोवॉट × ऊन (भर उन्हाइतके तास) × ०.७५ (बाकीची घट) म्हणजे त्या दिवसाचे युनिट. मात्र तिथे एक आकडा ज्या चौकोनासाठी असतो तो सुमारे १०० किलोमीटरचा, त्यात किनारा आणि घाटमाथा एकत्रच येतात. जवळपासच्या कुणाच्या छतावर पॅनेल असतील तर त्यांच्या इन्व्हर्टरचं रीडिंग ताडून बघा. अनेक वर्षांची सरासरी घेऊ नका, सलग ढगाळ दिवस तिच्यात विरून जातात.

मग मुख्य ओळ: आजची टाकी = कालची टाकी + उपसा − वापर. टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त नाही, शून्याखाली गेली की तेवढी टंचाई. उपसा म्हणजे सौर उपसा (त्या दिवसाच्या युनिटमध्ये चढेल तेवढं पाणी) आणि विहिरीचा झरा यांतला जो कमी तो. मेमध्ये ऊन भरपूर, पण झराच आटलेला. तिथे पॅनेल वाढवून थेंबही वाढत नाही.

आता गणपती. माणसं १,०००, गरज ५५ घनमीटर, म्हणजे २० युनिट. ५ किलोवॉटचे पॅनेल ५ तास उन्हात जवळपास १९ युनिट देतात, पण ऊन २ तासांवर आलं की साडेसातच. पाणी जेमतेम २०,६०० लिटर. पॅनेल दुप्पट केले तरी ४१,००० लिटर. त्यापेक्षा महावितरणचं कनेक्शन ठेवा, अशा दिवशी साडेबारा युनिट घ्या. त्यासाठी एसी पंप आणि चेंजओव्हर स्विच (सौरवरून लाइटवर बदलणारा) मागा. डीसी पंप थेट लाइटवर चालत नाही.