एप्रिल-मेसाठी सल्ला: हापूसची काढणी आणि अढीतील उष्मा

झाडावरून उतरवलेला हापूस जिवंतच असतो. देठातून येणारे अन्न थांबल्यामुळे तो आता साठवलेल्या पिष्टावर, त्यापासून होणाऱ्या साखरेवर आणि आम्लांवर जगतो, आणि हे काम पेशींतील तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, प्राणवायू वापरून करतात. पहिले काही दिवस हे श्वसन मंद असते; फळात इथिलीन, म्हणजे पिकण्याला चालना देणारा वायू, तयार होऊ लागला की ते झपाट्याने वाढते, शिखर गाठते आणि मग उतरते.

बागायतदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फळ कच्चे असताना तंतुकणिका मिळालेल्या ऊर्जेचा मोठा भाग एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, रूपात साठवतात. पिकण्याच्या काळात मात्र त्यांच्यातील पर्यायी ऑक्सिडेझ हे विकर आणि अनकपलिंग प्रथिने वाढतात, आणि या मार्गांनी खर्च झालेल्या ऊर्जेतून एटीपी कमी बनते, उष्णता अधिक सुटते. म्हणजे अढी (पिकवण्यासाठी पेंढ्यात रचलेली आंब्यांची रास) गरम होण्याचे कारण केवळ बाहेरचे ऊन नसून आंबा स्वतःच असतो. तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, त्यामुळे गरम झालेली रास स्वतःला आणखी गरम करत जाते. पेंढा जाड घातला की आंबा चांगला पिकतो हा समज म्हणूनच तपासून पाहण्यासारखा आहे.

काढणी सकाळी 10 पूर्वी किंवा दुपारी 4 नंतर करावी, चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्व धरून) झालेलेच आंबे झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासह उतरवावेत आणि चिकाचे डाग पडू नयेत यासाठी देठ 4 ते 5 सेंमी ठेवावा. उतरवलेली फळे क्षणभरही उन्हात किंवा तापलेल्या कातळावर ठेवू नयेत. झाडाखाली, गवतावर एकेरी पसरून शेतातील उष्णता उतरू द्यावी आणि मगच क्रेट भरावेत. ताडपत्रीने घट्ट झाकलेल्या टेम्पोत ही सगळी मेहनत वाया जाते.

अढी हवेशीर, सावलीच्या खोलीत लावावी. पेंढ्याचा थर पातळ ठेवावा, आंब्यांचे दोन-तीनपेक्षा जास्त थर करू नयेत, आणि मधल्या थरात रोज हात घालून पाहावा. बाहेरच्या फळांपेक्षा आतली फळे स्पष्ट गरम लागली तर अढी त्याच वेळी मोडून पसरावी. कोंडलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून प्राणवायू कमी पडला तर फळ आंबवण प्रक्रियेकडे वळते आणि गराला मद्यासारखा वास येतो. आधी पिकलेली फळे इथिलीन सोडून शेजारच्यांनाही घाईने पिकवतात, म्हणून ती वेचून वेगळी काढावीत.

माल थांबवायचा असेल तर शीतगृहाचे तापमान 13 अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. त्याहून फार खाली नेल्यास थंडीची इजा होऊन साल काळवंडते आणि नंतर आंबा नीट पिकत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. एकसारखी पिकवण हवी असल्यास पिकवणगृहात 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) इथिलीन वायू वापरता येतो, मात्र तेथेही खोली ठराविक वेळाने उघडून वायुवीजन करावे लागते. साका, म्हणजे गराचा काही भाग पांढरट व स्पंजासारखा होण्याचा दोष, मात्र फळात झाडावरच सुरू होतो. अढी कितीही काळजीने लावली तरी तो जात नाही.