वीजबिलातला स्थिर आकार आणि युनिटचा दर : हिशेब कसा लावायचा

दोन महिने घराला कुलूप होतं. जाताना मेन स्विचसुद्धा पाडून गेलो होतो. परत आलो तर दारात बिल! वापर शून्य युनिट, भरायची रक्कम मात्र शून्य नाही. तावातावाने फोन लावला, 'वापरलीच नाही तर पैसे कशाचे?' पलीकडून उत्तर आलं, 'स्थिर आकार,' आणि फोन बंद. माझ्या भाचीने विचारलं, 'आकार म्हणजे गोल की चौकोनी?' त्या दिवशी बिल पहिल्यांदा नीट वाचायला बसलो.

बिलात मुळात दोन वेगळी खाती असतात. स्थिर आकार हे जोडणीचं भाडं समजा. तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर, मीटर हे सगळं तुम्ही बटण दाबाल तेव्हा तयार असावं म्हणून दिलेलं. तो कुठे महिन्याला ठरलेला असतो, कुठे दिवसागणिक, कुठे मंजूर भारावर म्हणजे तुमच्या नावे किती किलोवॉट मंजूर आहेत त्यावर. दिवे विझवून तो कमी होत नाही. भारावर लागत असेल आणि भार उगाच जास्त मंजूर असेल, तर तो कमी करून घेता येतो का एवढं विचारावं. पण आधी घरातली जड यंत्रं एकाच वेळी चालली तर किती भार होतो ते मोजा.

दुसरं खातं वापराचं. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं यंत्र तासभर चाललं तेवढी वीज. दोन हजार वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा दिवा १११ तास जळतो. म्हणून दिव्यांवरून मुलांना ओरडण्याआधी गिझरकडे बघावं, हे माझं मत.

दर बहुधा टप्प्यांचा असतो, आणि गोंधळ होतो तो इथेच. हिशेबाला सोपे आकडे घेऊ : स्थिर आकार १२० रुपये, पहिली १०० युनिटं ४ रुपयांच्या दराने, पुढची ८ च्या दराने. वापर १६० युनिटं. तर १०० चे ४००, वरच्या ६० चे ४८०, अधिक १२०, एकूण १०००. शंभरी ओलांडली म्हणून सगळीच युनिटं ८ ने लागत नाहीत, फक्त वरची लागतात. (काही ठिकाणी ठरावीक मर्यादेपलीकडे सगळ्या युनिटांना वरचा दर लावतात, म्हणून आपल्याकडचं दरपत्रक एकदा वाचाच.)

आता १००० ला १६० ने भागून 'आम्हाला युनिट सव्वासहाला पडतं' असं लोक सांगतात. मीही सांगायचो. हा आकडा फसवा आहे. २० युनिटं वाचवली तर १२५ नव्हे, १६० वाचतात, कारण वाचतात ती वरच्या टप्प्यातली. उलट, महिन्यात दहाच युनिटं वापरणाऱ्याचं बिल १६० येईल, म्हणजे युनिटमागे १६! त्याचा दर महाग नाही, स्थिर आकार थोड्या युनिटांवर पसरला एवढंच.

रीडिंगच्या तारखा बघायला विसरू नका. ३० दिवसांऐवजी ३६ दिवसांचं बिल असेल तर टप्पाही त्याच प्रमाणात वाढायला हवा, १०० चा १२०. नाही वाढवला तर आपली २० युनिटं विनाकारण ८ च्या दरात जातात, ८० चा फटका. रीडिंगपुढे 'सरासरी' किंवा 'अंदाजे' असं लिहिलेलं असेल तर मीटरचा फोटो काढून ठेवा आणि आकडा ताडून बघा. कर आणि इंधन समायोजन (वीज बनवायच्या इंधनाच्या खर्चातला फरक) यांच्या ओळी वेगळ्या असतात. त्या आपल्या हातात नाहीत, पण कर कशावर लागलाय, नुसत्या वापरावर की स्थिर आकारासकट, हे बघून घ्यावं.

शेवटचं, मला सगळ्यात आवडलेलं. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते शेजारीच छापलेलं असतं. आमच्याकडे १०००. एका रात्री फ्रिजसकट सगळं बंद करून घड्याळ घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. बायको म्हणाली, 'झोपा आता.' दिवा दर ४० सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे तासाला ९० वेळा. तासात हजार वेळा म्हणजे १००० वॉट, तर ९० वेळा म्हणजे ९० वॉट, महिन्याला जवळपास ६५ युनिटं! शोधत गेलो तर माळ्याखालचा जुना इन्व्हर्टर, मरायला टेकलेली बॅटरी रात्रंदिवस चार्ज करत बसलेला. त्याची पिन काढली आणि पुन्हा मीटरपाशी गेलो. पाच मिनिटं उभा राहिलो, दिवा एकदाच लुकलुकला. तो राउटरचा असावा.